नभोवाणी केंद्रांवरील शास्ती

नभोवाणी केंद्रांवरील शास्ती : परवाना, नेमून दिलेली कंप्रता, प्रक्षेपकाची शक्ती, कार्यक्रम व जाहिराती यांविषयीचे नियम न पाळणाऱ्या नभोवाणी केंद्रावर शासन अथवा नियामक संस्था जी दंडात्मक कारवाई करते, तिला ही संज्ञा लावतात. ताकीद, केंद्रावरूनच चूक जाहीर करावयास लावणे, द्रव्यदंड, अनामत रक्कम जप्त करणे, परवान्याची मुदत कमी करणे, प्रक्षेपण ठराविक काळ बंद ठेवणे आणि परवानगी कायमची काढून घेणे, हे तिचे प्रमुख प्रकार होत. विनापरवाना प्रक्षेपण हा स्वतंत्र गुन्हा असून त्याबद्दल कारावासाचीही तरतूद असते.

या प्रकारांपैकी प्रक्षेपण बंद ठेवण्याची शास्ती वैशिष्ट्यपूर्ण आहे. द्रव्यदंड केंद्राच्या मालकाच्या खिशातून जातो. प्रक्षेपण बंद पडले, तर त्याची झळ मालकाइतकीच श्रोत्यांनाही पोहोचते. भारतातील व्यवस्थेत द्रव्यदंडापेक्षा हीच शास्ती मध्यवर्ती असल्याने ती कोणी, कोणत्या रीतीने व कितपत द्यावी, हा नभोवाणीच्या नियमनातील महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

नियमनाची कारणे : नभोवाणीचे नियमन वृत्तपत्रांपेक्षा अधिक कडक असते, याची दोन कारणे आहेत. पहिले तांत्रिक स्वरूपाचे आहे. एकाच परिसरात एकाच कंप्रतेवर दोन केंद्रे बोलू लागली, तर दोहोंपैकी एकही नीट ऐकू येत नाही. भारतात कंप्रता-विरूपित (एफ्‌एम्) नभोवाणीचा पट्टा १०८ मेगॅहर्ट्‌झपर्यंत आहे. त्याच्या लगतच, १०८ ते सु. ११८ मेगॅहर्ट्‌झ यांदरम्यान, विमानांना धावपट्टीची दिशा दाखविणारी साधने काम करतात आणि त्यापलीकडे वैमानिक व नियंत्रण कक्ष यांचे संभाषण चालते. परिणामी सदोष अथवा मंजुरीपेक्षा अधिक शक्तीचा प्रक्षेपक केवळ शेजारच्या केंद्राला नव्हे, तर विमानालाही अपाय करू शकतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे चिकलठाण्याचा विमानतळ शहराच्या पूर्वेस आणि वाळूजचे औद्योगिक क्षेत्र पश्चिमेस आहे. अशा शहराच्या परिसरात नभोवाणीचा मनोरा कोठे व किती उंच उभारावा, हे केवळ जागामालकाच्या इच्छेवर सोडता येत नाही.

दुसरे कारण घटनात्मक आहे. कंप्रता मर्यादित असल्याने ती एकाला दिली, की दुसऱ्याला नाकारावी लागते. क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वायुतरंग ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा उपयोग लोकहितासाठी झाला पाहिजे आणि तिचे नियमन स्वायत्त सार्वजनिक संस्थेकडे असावे, असे मत दिले. या खटल्यातील प्रमुख निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे होते. माहिती देण्याचा व मिळविण्याचा हक्क संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील भाषणस्वातंत्र्यात अंतर्भूत आहे, हेही या निकालाने स्पष्ट केले. नभोवाणीवरील शास्तीला म्हणूनच दुहेरी कसोटी लागू पडते : सार्वजनिक मालमत्तेच्या गैरवापरास आळा बसला पाहिजे आणि त्याच वेळी श्रोत्यांचा हक्क कारणाविना हिरावला जाता कामा नये. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार हा विषय संघसूचीत मोडतो. त्यामुळे परवानगी देण्याचा वा ती काढून घेण्याचा अधिकार राज्यशासनास नाही.

ऐतिहासिक आढावा : भारतातील या कायद्याचा पाया नभोवाणीचा जन्म होण्यापूर्वीच घातला गेला. भारतीय तारयंत्र अधिनियम, १८८५ याच्या चौथ्या कलमाने तारायंत्रे उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार शासनाकडे ठेवला. पुढे बिनतारी यंत्रणेचा समावेश या संज्ञेत झाल्यावर नभोवाणीही त्याच कलमाखाली आली. परवान्याची अट मोडल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड आणि भंग चालू राहील तोवर दर आठवड्यास पाचशे रुपयांपर्यंत अधिक दंड, अशी तरतूद या अधिनियमाच्या २० अ या कलमात होती. रुपयाचे मोल घटत गेले, पण हे आकडे तसेच राहिले. त्यामुळे द्रव्यदंडाचा धाक नाममात्र उरला आणि परवाना रद्द करण्याचा अधिकार हेच शासनाचे खरे साधन बनले.

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्‌घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. कंपनीची मिळकत मुख्यतः ग्राही-संचाच्या वार्षिक परवाना शुल्कावर अवलंबून होती. दहा रुपयांचे हे शुल्क चुकविणारे श्रोते पुष्कळ असल्याने आणि परवान्यावाचून संच नुसता बाळगणे हा तोवर गुन्हा नसल्याने कंपनीचे उत्पन्न तोकडे पडले. १९३० मध्ये कंपनी बंद पडली व प्रक्षेपण शासनाकडे आले. या अनुभवातून भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ संमत झाला. त्यात परवान्यावाचून संच बाळगणाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल शंभर रुपयांपर्यंत आणि नंतरच्या प्रत्येक अपराधाबद्दल अडीचशे रुपयांपर्यंत दंड ठेवण्यात आला. भारतातील नभोवाणीविषयक शास्तीचा रोख अशा रीतीने आरंभी केंद्रापेक्षा श्रोत्यावरच अधिक होता. टपाल कार्यालयातून दरवर्षी रेडिओचा परवाना नूतन करून घेण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात संपुष्टात आली.

विनापरवाना प्रक्षेपणाचे भारतातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ मध्ये, हौशी प्रक्षेपकांचे परवाने शासनाने रद्द केले होते. ‘छोडो भारत’ आंदोलनात वृत्तपत्रांवर निर्बंध आल्यावर उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत ‘काँग्रेस रेडिओ’ हे गुप्त केंद्र सुरू केले. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपकाची जागा वारंवार बदलली जाई. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी गिरगावात छापा घालून ते बंद पाडले. खटल्यात उषा मेहता यांना चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली व ती त्यांनी पुण्याच्या येरवडा कारागृहात भोगली. तांत्रिक दृष्ट्या हा परवान्याच्या नियमांचा भंगच होता; तथापि परवाना देणारी सत्ताच लोकांना मान्य नसेल, तर अशा नियमभंगाचे मोल इतिहास निराळ्या मापाने करतो, हे या घटनेतून दिसते.

स्वातंत्र्यानंतर चार दशकांहून अधिक काळ प्रक्षेपण शासनाच्या हाती राहिले. शासनाने स्वतःच्याच केंद्रावर शास्ती लादण्याचा प्रश्न उद्‌भवत नसे. शिस्त खात्यांतर्गत असे. कार्यक्रमांसाठी आकाशवाणीची संहिता होती. मित्रराष्ट्रांवरील टीका, धर्म वा जमाती यांवरील हल्ला, अश्लील व बदनामीकारक मजकूर, हिंसेस चिथावणी, न्यायालयाचा अवमान, राष्ट्रपती, राज्यपाल व न्यायसंस्था यांच्या सचोटीवर शिंतोडे, एखाद्या राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला, केंद्र वा राज्य शासनावरील विरोधी टीका आणि संविधानाचा अनादर या गोष्टी तीत वर्ज्य ठरविल्या आहेत. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथील विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या व त्यांसाठी वेगळी संहिता लागू झाली. शासकीय सेवेसाठी घडविलेल्या या संहिताच पुढे खाजगी केंद्रांना बंधनकारक करण्यात आल्या. शासनाने स्वतःच्या सेवेपुरता पाळलेला संयम दुसऱ्यावर शास्तीच्या बळावर लादणे कितपत उचित, हा वाद त्यातूनच उद्‌भवला.

खाजगी केंद्रे : पहिल्या टप्प्याचे धोरण १९९९ मध्ये जाहीर झाले. लिलावात अनेक कंपन्यांनी डोईजड बोली लावल्या. परवाना शुल्क दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढणारे होते. परिणामी १०८ कंप्रतांचा लिलाव होऊनही प्रत्यक्षात २१ केंद्रेच सुरू झाली. या अनुभवानंतर २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात उत्पन्नाच्या हिश्श्याची पद्धत स्वीकारण्यात आली. तिसऱ्या टप्प्याचे धोरण २०११ मध्ये जाहीर झाले. त्यात परवानगीची मुदत पंधरा वर्षे असून, वार्षिक शुल्क एकूण उत्पन्नाच्या चार टक्के किंवा प्रवेश शुल्काच्या अडीच टक्के यांपैकी जे अधिक असेल ते द्यावे लागते.

केंद्राची जबाबदारी मुख्यतः शासनाशी झालेल्या परवानगी-करारातून उत्पन्न होते. कार्यक्रम व जाहिरात संहितांचा भंग झाल्यास पहिल्या वेळी तीस दिवसांपर्यंत व दुसऱ्या वेळी नव्वद दिवसांपर्यंत प्रक्षेपण बंद ठेवता येते. तिसऱ्या भंगास उरलेल्या मुदतीपुरती परवानगीच काढून घेता येते. यांखेरीज बँकेची हमी जप्त करण्याचा अधिकार शासनास असतो. खाजगी केंद्रांना स्वतंत्र बातम्या देण्यास मनाई असून तिसऱ्या टप्प्यात आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी देण्याची मुभा मिळाली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या संधी, पाणी व वीजपुरवठ्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती व आरोग्यविषयक इशारे ही ‘बातमी’ नव्हे, असे धोरणातच म्हटले आहे. नियमभंगाची सीमारेषा कित्येकदा याच व्याख्येवर ठरते : ‘अमुक वस्तीत उद्या पाणी येणार नाही’ ही सूचना चालते, ते का येणार नाही व त्यास जबाबदार कोण, याची चर्चा सुरू झाली, की केंद्र निषिद्ध प्रांतात शिरू लागते.

प्रत्येक वेळी शास्तीचीच पाळी येते असे नाही. २०२२ च्या अखेरीस माहिती व प्रसारण मंत्रालयाने मद्य, अमली पदार्थ, शस्त्रे व टोळीगुंडगिरी यांचे उदात्तीकरण करणारी गीते लावू नयेत, असे सूचनापत्र सर्व खाजगी केंद्रांना पाठवून करारातील शास्तीचे स्मरण करून दिले. शुल्क वा परवानगी यांविषयीचे वाद दूरसंचार तंटा निवारण व अपील न्यायाधिकरणापुढे नेता येतात. २००४ मध्ये प्रसारणसेवा दूरसंचारविषयक नियमनाच्या कक्षेत आल्याने हा मार्ग खुला झाला.

सामुदायिक केंद्रे : बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील मनसूरपूर येथे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने स्वतः जुळविलेल्या अल्पमोली प्रक्षेपकावर गावासाठी केंद्र चालविले होते. परवाना नसल्याने ते २००६ मध्ये बंद करण्यात आले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने सामुदायिक नभोवाणीची दारे स्वयंसेवी संस्थांना खुली केली. तोवर ती शैक्षणिक संस्थांपुरतीच उघडी होती. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, सातारा जिल्ह्यातील म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, छत्रपती संभाजीनगरचे एमजीएम रेडिओ इ. केंद्रे या वर्गात मोडतात.

अशा केंद्राच्या प्रक्षेपकाची परिणामी प्रारित शक्ती सामान्यतः १०० वॉटपर्यंत व आकाशकाची उंची जमिनीपासून ३० मी. पर्यंत असावी लागते. त्याचा आवाज साधारण ५ ते १० किमी. परिसरात पोहोचतो. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार झाले पाहिजेत व प्रक्षेपित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवले पाहिजे, अशा अटी आहेत. जाहिरातींची मर्यादा २००६ मध्ये ताशी पाच मिनिटे होती. ती टप्प्याटप्प्याने वाढवून २०२४ मध्ये बारा मिनिटे करण्यात आली. व्यक्ती, राजकीय पक्ष व त्यांच्याशी संलग्न विद्यार्थी, महिला वा कामगार संघटना आणि नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था यांना परवानगी मिळत नाही.

२००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शास्तीची पायरी स्पष्ट आहे. पहिल्या भंगास एक महिन्यापर्यंत व दुसऱ्यास, गांभीर्य पाहून, तीन महिन्यांपर्यंत परवानगी स्थगित होते. त्यापुढील भंगास ती रद्द होते आणि संस्थेला पाच वर्षे नव्याने अर्ज करता येत नाही. मात्र शास्तीपूर्वी प्रकरण आंतरमंत्रालयीन समितीपुढे ठेवणे व संस्थेला आपली बाजू मांडण्याची संधी देणे आवश्यक आहे.

या नियमांचा व्यावहारिक अर्थ वाळूजसारख्या वस्तीचा विचार केला असता ध्यानात येतो. बजाज ऑटोचा कारखाना येथे १९८५ मध्ये सुरू झाला व या औद्योगिक क्षेत्राभोवती मराठवाड्यातून आणि परप्रांतांतून आलेल्या कामगारांची वस्ती वाढत गेली. १० किमी. पल्ल्याच्या केंद्रास असा परिसर अनुरूप होय. परंतु तेथे कारखान्याला स्वतःचे केंद्र काढता येणार नाही, कारण त्याचा हेतू नफा हा आहे. पक्षाशी संलग्न कामगार संघटनेलाही ते काढता येणार नाही. नोंदणीकृत सेवाभावी संस्था वा महाविद्यालय मात्र ते काढू शकेल. खानावळ, भाड्याची खोली, सुट्या भागांची कार्यशाळा, नोकरभरती यांच्या जाहिराती अशा केंद्रास चालतील. एखाद्या निवडणुकीतील उमेदवाराची स्तुती चालणार नाही. समजा, अननुभवी निवेदकाच्या हातून ती घडली व केंद्र महिनाभर बंद राहिले. तर लसीकरणाचा दिवस, पाण्याची वेळ, रोजगाराची माहिती हे सारे त्या महिन्यापुरते लुप्त होईल. जाहिरातींवर चालणारे मोठ्या शहरातील केंद्र तीस दिवसांचा तोटा सोसू शकते. तुटपुंज्या अनुदानावर व स्वयंसेवकांवर चालणारे केंद्र तेवढ्या खंडानंतर पुन्हा उभे राहीलच असे नाही. शास्तीचे दिवस दोहोंना जवळजवळ सारखेच असले, तरी तिचा भार सारखा नसतो.

अंमलबजावणी : तांत्रिक बाजू दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा पाहते. कंप्रता नेमून देणे व मनोऱ्याच्या जागेस मंजुरी देणे ही कामे तिच्यामार्फत होतात, तर प्रत्यक्ष लहरींवर देखरेख बिनतारी देखरेख संघटना करते. उपग्रहांच्या कंप्रतांवर लक्ष ठेवणारे तिचे भू-स्थानक जालना येथे आहे. कार्यक्रमांच्या आशयावरील देखरेख माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे असून त्यासाठी नवी दिल्ली येथे इलेक्ट्रॉनिक माध्यम देखरेख केंद्र २००८ मध्ये स्थापन झाले. तथापि देशभर विखुरलेल्या लहान केंद्रांचे प्रत्येक वाक्य ऐकणे अशक्य असल्याने बरीच प्रकरणे तक्रारींवरूनच सुरू होतात. अशा वेळी जपून ठेवलेले ध्वनिमुद्रण हा निर्णायक पुरावा ठरतो. ते केंद्राविरुद्ध जसे वापरता येते, तसे खोट्या तक्रारीपासून त्याचे रक्षणही करते. म्हणूनच ध्वनिमुद्रण न ठेवणे ही दिसायला किरकोळ असणारी हयगय प्रत्यक्षात सर्वांत महाग पडणारी ठरू शकते.

जुन्या दोन्ही अधिनियमांच्या जागी दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत झाला असून तो टप्प्याटप्प्याने अमलात आणला जात आहे. त्याचे ४२ वे कलम २६ जून २०२४ पासून लागू झाले. त्यानुसार परवानगीवाचून दूरसंचार सेवा देणाऱ्यास वा जाळे उभारणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हजार रुपयांच्या दंडाशी तुलना केली असता कायद्याची दिशा किती पालटली, हे दिसून येते.

इतर देशांतील पद्धती : ग्रेट ब्रिटनमध्ये समुद्रातील जहाजांवरून चालणाऱ्या विनापरवाना केंद्रांविरुद्ध १९६७ मध्ये खास कायदा करण्यात आला. तेथील ऑफकॉम ही नियामक संस्था शासनापासून स्वतंत्र असून ती द्रव्यदंडावर भर देते. एका ज्येष्ठ अभिनेत्यास उद्देशून प्रक्षेपित झालेल्या असभ्य संदेशांबद्दल तिने २००९ मध्ये बीबीसीस दीड लाख पौंड दंड केला. सार्वजनिक प्रक्षेपण संस्थाही शास्तीच्या कक्षेबाहेर नाही, हे त्यातून दिसले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३४ च्या कायद्याने स्थापन झालेला संघीय दळणवळण आयोग हे काम पाहतो. तेथे असभ्य प्रक्षेपणाच्या दंडाची कमाल मर्यादा २००६ मध्ये दहापट वाढवून प्रत्येक भंगास सव्वातीन लाख डॉलर करण्यात आली, तर २०२० च्या कायद्याने विनापरवाना केंद्रास दर दिवसाला एक लाख डॉलरपर्यंत दंड ठरविला. परवाना रद्द करण्याचा उपाय या दोन्ही देशांत उपलब्ध असला, तरी तो क्वचितच योजला जातो.

मूल्यमापन : द्रव्यदंडाचा दोष असा, की धनाढ्य केंद्र त्यास व्यवसायाचा एक खर्च समजू शकते, प्रक्षेपणबंदीचा दोष असा, की ती निरपराध श्रोत्यांसही भोगावी लागते. भंगाचे स्वरूप, केंद्राचे उत्पन्न व श्रोत्यांचे अवलंबित्व यांचा मेळ घालणारी शास्ती या दोन्ही दोषांतून मार्ग काढू शकेल. तांत्रिक हयगय, नोंदी ठेवण्यातील ढिलाई, जाहिरातीची मर्यादा ओलांडणे आणि जातीय विद्वेषास चिथावणी हे भंग एका मापाचे नाहीत. भारतातील व्यवस्थेत तक्रारदाराचे म्हणणे ऐकणारी, चौकशी करणारी व शिक्षा देणारी यंत्रणा शासनाचीच आहे. १९९५ च्या निकालात अपेक्षिलेले स्वायत्त नियामक मंडळ खाजगी व सामुदायिक नभोवाणीसाठी अद्याप अस्तित्वात आलेले नाही. तोवर नोटीस, सुनावणी, सकारण आदेश व अपील या पायऱ्यांवरच केंद्राचा आणि त्याच्या श्रोत्यांचा भरवसा अवलंबून राहतो.